प्लास्टिकची माणसं : प्रागमधल्या एका बेकायदा बँडविषयी

२१ सप्टेंबर १९७६ रोजी प्रागमध्ये चार जणांवर खटला सुरू झाला आणि २३ तारखेला त्याचा निकालही लागला. इवान यिरोउस हा कलेचा इतिहासकार, पावेल झायीचेक हा कवी आणि गायक, व्राटिस्लाव ब्राबेनेत्स सॅक्सोफोनवादक आणि स्वातोप्लुक कारासेक हा प्रोटेस्टंट धर्मोपदेशक, गिटार घेऊन गाणी म्हणणारा. या चौघांपैकी कुणी पत्रकं वाटली नव्हती की कुणी सरकार उलथवायचा कट केला नव्हता. कलम लावलं होतं ते संघटितपणे सार्वजनिक शांततेचा भंग केल्याचं. गुत्त्यातून बाहेर पडून भर रस्त्यात धिंगाणा घालणाऱ्याला लावतात त्याच जातीचं. पुरावा म्हणून न्यायालयापुढे ठेवली होती ती गाणी. त्यांतले अपशब्द वाचून दाखवले गेले. यिरोउसला दीड वर्ष, झायीचेकला एक वर्ष आणि उरलेल्या दोघांना आठ-आठ महिने तुरुंगवास झाला.

पुढचं अनेकांना ठाऊक असतं. या खटल्याने हादरलेले लेखक, तत्त्वज्ञ आणि पदच्युत राजकारणी एकत्र आले, १ जानेवारी १९७७ या तारखेचं ‘चार्टर ७७’ हे निवेदन तयार झालं आणि तेरा वर्षांनी त्याच्या कर्त्यांपैकी वात्स्लाव हावेल हा नाटककार चेकोस्लोव्हाकियाचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्यामुळे पूर्व युरोपच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या बँडला एखादी ओळ हमखास मिळते. ती ओळ साधारण अशी असते, की एका बंडखोर रॉक बँडने साम्यवादी राजवटीला आव्हान दिलं. ही ओळ वाचली की मला अस्वस्थ व्हायला होतं. एक तर ती खरी नाही. शिवाय ती वाचून झाल्यावर त्यांचं संगीत ऐकायची कुणाला गरज वाटत नाही, आणि ते संगीत ऐकण्यासारखं आहे.

मी संगीतशास्त्राचा विद्यार्थी नाही. मिरजेत टेपरेकॉर्डर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. नव्वदच्या दशकात परदेशी जहाजावर नोकरीला असलेल्या एका मित्राने एक कॅसेट आणून दिली. तिच्या आवरणावर काही छापलेलं नव्हतं, नुसतं पेनाने लिहिलेलं नाव होतं. ती लावली तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, हेड घासलंय. मग वाटलं, मोटरचा बेल्ट सैल आहे. दोन्ही तपासून झाल्यावर लक्षात आलं की यंत्र ठीक आहे आणि ही माणसं असंच वाजवतायत. त्या दिवसापासून सुरू झालेला पाठपुरावा अजून संपलेला नाही. चेक भाषा शब्दकोश मांडीवर घेऊन जमेल तेवढी शिकलो.

बँड सुरू झाला १९६८च्या शरद ऋतूत. २० ऑगस्टच्या रात्री वॉर्सा कराराच्या फौजा देशात घुसल्या आणि त्यानंतर काही आठवड्यांतच सतरा वर्षांच्या मिलान ह्लावसा या मुलाने मित्रांना जमवून हा बँड काढला. दोन्ही घटना पाठोपाठ घडल्या म्हणून रणगाड्यांना उत्तर म्हणून बँड निघाला, असं सांगायचा मोह होतो. ह्लावसा स्वतः तसं सांगत नसे. त्याला बेस गिटार वाजवायची होती. नाव घेतलं अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपाच्या १९६७च्या एका गाण्यावरून. त्या गाण्यात ‘प्लास्टिकची माणसं’ ही शिवी आहे, ठोकळेबाज, निर्जीव माणसांना दिलेली. या मुलांनी ती स्वतःलाच लावून घेतली आणि पुढे ‘विश्वाची’ जोडून दिलं.

प्रागमध्ये हे सगळं हवेतून आलं नव्हतं. आपल्या लिटल मॅगझिनवाल्यांना परिचित असलेला ॲलन गिन्सबर्ग १९६२-६३मध्ये भारतात होता, मुंबईलाही येऊन गेला. तोच १९६५च्या मे महिन्यात प्रागमध्ये होता. तिथल्या विद्यार्थ्यांनी त्याला आपल्या वसंतोत्सवाचा राजा म्हणून निवडलं आणि सरकारने काही दिवसांतच त्याला देशाबाहेर काढलं. साठच्या दशकाच्या शेवटी प्रागमध्ये अनेक रॉक बँड होते. त्यांतल्या ‘प्रिमिटिव्हज ग्रुप’ने तर एका कार्यक्रमाला ‘माशांची मेजवानी’ आणि दुसऱ्याला ‘पक्ष्यांची मेजवानी’ असं नाव दिलं होतं. पहिल्यात वादक आणि प्रेक्षक एकमेकांवर पाणी आणि मासे फेकत होते, दुसऱ्यात सभागृहभर पिसं उडत होती. या मंडळींभोवती वावरणारा कलेचा इतिहासकार म्हणजे यिरोउस. त्याला सगळे ‘मागोर’ म्हणत. चेकमध्ये मागोर म्हणजे येडा. प्रिमिटिव्हज बंद पडल्यावर १९६९मध्ये तो प्लास्टिक पीपलकडे आला आणि त्यांचा ‘कलासंचालक’ झाला. स्वतः एक सूर धड लावू न शकणाऱ्या माणसाने एखाद्या बँडची दिशा ठरवावी याचं हे दुर्मीळ उदाहरण. सुरुवातीच्या कार्यक्रमांत रंगवलेले चेहरे, झगे, रंगीत दिवे आणि रंगमंचावर प्रत्यक्ष जाळ असे. पुढे पैसेही संपले आणि परवानगीही, तेव्हा हा थाट आपोआप गळाला. माझ्या मते चांगलंच झालं.

परवानगीचं प्रकरण जरा समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. आक्रमणानंतर नवं सरकार आलं. त्याने जो कार्यक्रम हाती घेतला त्याला अधिकृत शब्द होता ‘सामान्यीकरण’, म्हणजे सगळं पुन्हा सुरळीत करणं. पगार घेऊन वाजवणाऱ्या प्रत्येक संगीतकाराने समितीपुढे नव्याने परीक्षा द्यायची होती. केस किती लांब, बँडचं नाव इंग्रजी का, गाणी कुठल्या भाषेत, चाली उदास का, हे सगळं समिती पाहत असे. आपल्याकडे नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते; तिथे वाजवणारा माणूसच मंजूर करून घ्यावा लागे. कित्येक बँडनी केस कापले, नावं बदलली, आनंदी गाणी बसवली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पोट सगळ्यांनाच असतं. प्लास्टिक पीपलने यातलं काहीच केलं नाही आणि १९७०मध्ये त्यांचा व्यावसायिक परवाना गेला. परवान्याबरोबर वाद्यं आणि ॲम्प्लिफायरही गेले, कारण ते सरकारी संस्थेचे होते. मग त्यांनी स्वतःच ॲम्प्लिफायर जुळवले. ते कसले असतील हे ध्वनिमुद्रणावरून मला बरोबर कळतं: वीजपुरवठ्याची गुणगुण गाळलेली नाही, स्पीकर सोसेल त्याच्या पुढे रेटलेला आहे, आणि खर्जातला प्रत्येक स्वर कडांशी फाटतो. दुरुस्तीला आला असता तर मी तो सेट बाजूला ठेवून दिला असता. पण ह्लावसाच्या बेसला जो एक ओरखडणारा, जमिनीखालून आल्यासारखा आवाज आहे, तो त्या फाटण्यातूनच आलेला आहे.

परवाना नसताना वाजवायचं कसं, यावर यिरोउसने शोधलेली युक्ती मला फार आवडते. तो कलावंतांच्या संघटनेचा सभासद होता, त्यामुळे त्याला व्याख्यानासाठी सभागृह मिळे. विषय असे अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराचा. यिरोउस थोडा वेळ पारदर्शिका दाखवून बोलत असे. मग वॉरहॉलच्या वर्तुळातल्या ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या बँडचं संगीत कसं होतं याचं ‘प्रात्यक्षिक’ म्हणून प्लास्टिक पीपल तासन्‌तास वाजवत. या काळात त्यांच्यासोबत इंग्रजी शिकवायला आलेला पॉल विल्सन हा कॅनडाचा तरुण गात असे, कारण शब्दांचे उच्चार फक्त त्यालाच नीट येत होते. हाच विल्सन पुढे हावेलचा इंग्रजी अनुवादक म्हणून नावाजला गेला.

व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचं नाव आलं आहे तर मिरजकर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या बँडमध्ये जॉन केल व्हायोला वाजवायचा, तोही धून म्हणून कमी आणि एकच स्वर तंबोऱ्यासारखा धरून ठेवण्यासाठी जास्त. ही सवय त्याला न्यूयॉर्कमध्ये ला माँट यंग या संगीतकाराच्या मंडळीत लागली. तिथे एकच स्वर तासन्‌तास लावून ठेवण्याचे प्रयोग चालत. हे यंग पुढे १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. ज्या किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि मिरजेतच दफन झाले, त्याच घराण्याचे. केल त्या आधीच मंडळीतून बाहेर पडला होता, तेव्हा किराण्याचा तंबोरा सरळ प्रागला पोहोचला असं कुणी म्हणू नये. पण प्लास्टिक पीपलचा यिर्झी कबेश व्हायोलावर जेव्हा तो एकच स्वर धरतो, तेव्हा आमच्या गावच्या कानाला तो परका वाटत नाही, हे मात्र खरं.

आता त्या संगीताकडे येतो.

१९७२च्या सुमारास ब्राबेनेत्स बँडमध्ये आला. तो इतरांपेक्षा वयाने मोठा, जॅझच्या वळणाचा. त्याने अट घातली की दुसऱ्यांची गाणी बंद, आपली वाजवायची आणि चेकमध्ये गायची. इथून पुढचा बँड कुणाचीही नक्कल राहिला नाही. त्यांच्या रचनेचा सांगाडा सोपा असतो. ह्लावसा बेसवर चार-सहा स्वरांची एक आकृती धरतो आणि ती सोडत नाही. आपल्याकडे एकल तबल्याला सारंगी किंवा पेटीचा लेहरा असतो तशी ती फिरत राहते, फक्त हा लेहरा जड आहे, काळा आहे आणि कधीकधी मोजून एक मात्रा अधिक आहे, त्यामुळे पाय ठेका धरायला जातो आणि अडखळतो. तिच्यावर कबेशचा व्हायोला किंवा व्हायोलिन करकरत असतं. योसेफ यानीचेकचे कीबोर्ड मध्येच एखादी बालगीतासारखी चाल वाजवून जातात. आणि या सगळ्याच्या वर ब्राबेनेत्सचा सॅक्सोफोन, जो वाजतो म्हणण्यापेक्षा ओरडतो, हंबरतो, कण्हतो. गायन म्हणजे बहुतेक वेळा ह्लावसाने भरड्या आवाजात केलेलं सपाट उच्चारण. स्वरसमूह फुलतो, गाणं कळसाला जातं, असं इथे होत नाही. ते जिथे सुरू होतं तिथेच अधिकाधिक खोल रुतत जातं. हे मुद्दाम केलेलं आहे. ज्या देशात रेडिओवर दिवसभर आनंदी, झुळझुळीत गाणी लागत होती, तिथे उदासी हा सरकारी दृष्टीने जवळजवळ आजार होता.

शब्द आले एगॉन बोंडीकडून. खरं नाव झ्बिनेक फिशर, जन्म १९३०, कवी आणि तत्त्वज्ञ, स्वतःला मार्क्सवादी म्हणवणारा आणि तरी छापायला बंदी असलेला. त्याच्या कविता टाइपरायटरवर कार्बन घालून हातोहात फिरत. या कवितांवर बँडने १९७४-७५मध्ये जी ध्वनिमुद्रणं केली, त्यांतली काही कारासेकच्या ओळखीने होउस्का नावाच्या जुन्या किल्ल्यात झाली. ती ‘एगॉन बोंडीज हॅपी हार्ट्स क्लब बॅन्ड’ या नावाने १९७८मध्ये फ्रान्समध्ये निघाली. नाव बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ची टवाळी करणारं, आणि ‘बँड’ची जागा घेतलीय ‘बॅन्ड’ने, म्हणजे बंदी घातलेल्याने. तबकडीवर बद्धकोष्ठतेवर एक गाणं आहे. वय, बिअर, ओकारी, पोट, कंटाळा हे बोंडीचे विषय. न्यायालयाला जे अश्लील वाटलं ते हेच. आज ते वाचताना हसू येतं आणि मग जाणवतं की ही गाणी खरोखर कुणाच्याच विरोधात नाहीत. सत्तेचा त्यांत उल्लेखही नाही. सामान्य माणसाच्या शरीराला आणि दिवसाला जे होतं ते त्यांत आहे आणि ते सुंदर करून सांगायला नकार आहे.

त्यांच्याच भोवती झायीचेक आणि ह्लावसा यांनी १९७३मध्ये ‘डीजी ३०७’ हा दुसरा बँड काढला. हे नाव मानसिक आजाराच्या एका वैद्यकीय निदानाच्या क्रमांकावरून घेतलेलं. ते कागदावर असलं की लष्करी सेवेतून सुटका होई. त्यांची वाद्यं म्हणजे बहुतांशी लोखंडाचे तुकडे, पाइप आणि भंगार. मला ते ऐकवत नाही. पण त्याची इथे नोंद करायला हवी, कारण यिरोउसचा विचार एका बँडपुरता नव्हता. १९७५मध्ये त्याने ‘तिसऱ्या चेक संगीत पुनरुज्जीवनाचा अहवाल’ हा निबंध लिहिला. त्यात त्याचं म्हणणं असं आहे की सरकारी संस्कृतीशी भांडायचं नाही, तिच्यात सुधारणा मागायची नाही, तिच्याकडून मान्यता तर मुळीच घ्यायची नाही. तिच्या शेजारी एक दुसरी संस्कृती उभी करायची आणि तिच्यात जगायचं. विरोधी पक्ष होण्याची कल्पना त्याला अजिबात मान्य नव्हती. सरकारला हे विरोधापेक्षा जास्त झोंबलं असणार, कारण विरोधकाशी निदान बोलता येतं.

ही दुसरी संस्कृती प्रत्यक्षात कशी चालायची? मैफलीचं ठिकाण आधी कुणाला सांगत नसत. निरोप तोंडी फिरायचे. निमित्त लग्नाचं किंवा वाढदिवसाचं असे, कारण खासगी समारंभात वाजवण्यावर कायद्याने बंदी घालणं अवघड होतं. लोक आगगाडीने एखाद्या आडबाजूच्या स्टेशनवर उतरत आणि शेतांतून चालत खेड्यातल्या खानावळीपर्यंत जात. अनेकदा तिथे पोलीस आधीच आलेले असत. ३० मार्च १९७४ला चेस्के बुद्येयोवित्से शहराजवळच्या रुडोल्फोव या गावी अशीच मैफल ठरली होती. बँड वाजवायच्या आतच पोलिसांनी जमलेल्यांना हुसकावलं, स्टेशनच्या भुयारी वाटेत दोन्ही बाजूंनी लाठ्या चालवल्या, गाडीत कोंबून परत पाठवलं. अनेकांची चौकशी झाली, काही विद्यार्थ्यांचं शिक्षण तिथेच संपलं. हे सगळे श्रोते होते. तरीही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोस्तुपित्से गावी ‘दुसऱ्या संस्कृतीचा महोत्सव’ झाला आणि २१ फेब्रुवारी १९७६ला बोयानोवित्सेमध्ये त्याची पुढची आवृत्ती, यिरोउसच्या स्वतःच्या लग्नाच्या निमित्ताने.

त्या लग्नाची किंमत महिनाभरात वसूल झाली. १७ मार्चला धरपकड सुरू झाली. शंभराहून जास्त लोकांना चौकशीसाठी बोलावलं आणि एकोणीस जणांना अटक झाली. त्याच्या थोडंसं आधी हावेल आणि यिरोउस यांची पहिली भेट झाली होती. हावेल तोवर नामवंत नाटककार होता, पण त्याचंही काही देशात छापलं किंवा खेळलं जात नव्हतं. १९६८मध्ये न्यूयॉर्कहून तो व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची तबकडी घेऊन आला होता, तेव्हा कान अगदीच कोरा नव्हता. यिरोउसला मात्र हावेलसारखे लोक म्हणजे ‘अधिकृत विरोधक’ वाटत आणि तो त्यांच्यापासून फटकून असे. त्या रात्री एका खडखडणाऱ्या टेपरेकॉर्डरवर त्याने प्लास्टिक पीपल ऐकवलं. पहाटेपर्यंत बोलणं चाललं. या संगीतात काहीतरी अस्वस्थ करणारी जादू आहे, जगण्याचा एक खरा आणि दुखरा अनुभव आहे, असं हावेलला वाटलं. तो पुढच्या मैफलीला जाणार होता. त्या आधीच अटका झाल्या.

हावेलचं मोठेपण असं, की ही अटक म्हणजे काय हे त्याने इतरांच्या आधी ओळखलं. राजकीय विरोधकांना सरकार पकडतं तेव्हा दोन्ही बाजूंना खेळाचे नियम ठाऊक असतात. इथे ज्यांना राजकारणाशी देणंघेणं नव्हतं, ज्यांना फक्त स्वतःच्या पद्धतीने जगायचं आणि वाजवायचं होतं, त्यांना पकडलं होतं; आणि ते गुंड म्हणून पकडलं असल्यामुळे जगात कुणी बोलणार नव्हतं. हे चाललं तर उद्या कुणालाही चालेल, असं त्याचं म्हणणं. त्याने दारोदार जाऊन हे पटवलं. ऑगस्टमध्ये जर्मन लेखक हाइनरिश ब्योल यांना लिहिलेल्या खुल्या पत्रावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत यारोस्लाव सायफर्ट आहेत, ज्यांना १९८४मध्ये नोबेल मिळालं, आणि यान पातोच्का आहेत, हुसर्लचे शिष्य, एकोणसत्तर वर्षांचे तत्त्वज्ञ. या दोघांनी घरी ती गाणी लावून मान डोलावली असेल असं वाटत नाही. आपल्याला न आवडणाऱ्या संगीतासाठी त्यांनी सही केली. माझ्या मते त्या वर्षातली ही सर्वांत मोठी गोष्ट. दबाव इतका वाढला की अटकेतल्या बहुतेकांना सोडून द्यावं लागलं. त्याआधी जुलैमध्ये प्लझेनला तिघांवर वेगळा खटला झाला होता, आणि प्रागचा खटला तर सुरुवातीलाच सांगितला. तो चालू असताना न्यायालयाच्या जिन्यावर आणि बोळात लांब केसांची मुलं, जुने कम्युनिस्ट, धर्मोपदेशक आणि प्राध्यापक एकत्र उभे होते. एरवी ही माणसं एकमेकांच्या घरी गेली नसती. चार्टर ७७ तिथे जुळलं. पातोच्का त्याच्या पहिल्या तीन प्रवक्त्यांपैकी एक होते. लांबलचक पोलीस चौकशांनंतर १३ मार्च १९७७ला त्यांचं निधन झालं.

सरकारने आपली बाजू दूरचित्रवाणीवरही मांडली. ‘मेजर झेमान’ या लोकप्रिय पोलीस मालिकेच्या एका भागात अमली पदार्थांच्या आहारी गेलेला रॉक बँड विमानाचं अपहरण करतो आणि वैमानिकाचा खून करतो. कुणाला उद्देशून आहे हे लहान मुलालाही कळत होतं.

१९७७मध्येच बँडने ‘शंभर मुद्दे’ ही रचना केली, सत्ताधारी कशाकशाला घाबरतात याची लांबच लांब यादी. त्यांच्या संग्रहातली उघडपणे राजकीय म्हणता येईल अशी ही एकच रचना, आणि ती खटल्याच्या नंतरची आहे. आधी गाण्यात नसलेलं सरकार गाण्यात आणण्याचं काम सरकारनेच केलं.

बोंडीविषयी थोडं थांबून सांगायला हवं. १९८९नंतर गुप्त पोलिसांची दप्तरं उघडली, तेव्हा कळलं की तो निरनिराळ्या काळात त्यांच्याशी सहकार्य करत होता. ज्याच्या शब्दांसाठी मित्र तुरुंगात गेले तोच माणूस. पुढे तो ब्रातिस्लाव्हाला राहायला गेला आणि २००७मध्ये तिथेच वारला. यावर चेक लोकांत भरपूर वाद झाला. काही जण ती तबकडी आता लावत नाहीत. मी लावतो. घाबरलेल्या, दुबळ्या, दारूत बुडालेल्या माणसाचं जे चित्र त्या गाण्यांत आहे, ते काढणारा आतून कुठे उभा होता हे कळल्यावर मला ती जास्त भयाण आणि जास्त खरी वाटतात. त्याने त्याचा अपराध कमी होत नाही.

बँडचं सर्वांत मोठं काम माझ्या मते खटल्यानंतरचं आहे. तुरुंगातून सुटलेल्या ब्राबेनेत्सने बायबलमधल्या मजकुरावरून येशूच्या अखेरच्या दिवसांची संहिता तयार केली, ह्लावसाने ती संगीतबद्ध केली आणि १९७८च्या एप्रिलमध्ये हावेलच्या ह्रादेचेक इथल्या शेतघराच्या कोठारात ती वाजवली गेली. बाहेर पोलीस होते. ‘पॅशन प्ले’ या नावाने ती १९८०मध्ये कॅनडात निघाली. प्रकाशक होता पॉल विल्सन, ज्याला १९७७मध्ये देशाबाहेर काढलं होतं. बोंडीच्या गाण्यांतली टवाळी इथे पूर्ण गेलीय. पकडला जाणारा, मित्रांनी नाकारलेला, न्यायासनापुढे गप्प राहणारा माणूस कोण असतो हे वाजवणाऱ्यांना आता ठाऊक होतं, पण ते त्याचा उच्चार करत नाहीत. गोष्ट तशीच सांगतात. पुढे लादिस्लाव क्लीमा या विक्षिप्त चेक तत्त्वज्ञाच्या मजकुरावर ‘मरणानंतर कसं असेल’ ही रचना झाली, १९८१मध्ये ‘घोड्याला लगाम धरून नेणं म्हणजे काय’ ही, आणि १९८६मध्ये जर्मन कवी मॉर्गेनश्टर्नच्या शब्दांवर ‘मध्यरात्रीचा उंदीर’.

पण माणसं गळत होती. नकोशा लोकांना छळून देश सोडायला लावायची गुप्त पोलिसांची एक मोहीमच होती. तिचं नाव ‘असानात्से’, म्हणजे निर्जंतुकीकरण. १९८२मध्ये ब्राबेनेत्स कॅनडाला गेला. यिरोउस एकूण पाच वेळा तुरुंगात गेला आणि साडेआठ वर्षांच्या आसपास आत राहिला. त्याच्या उत्तम कविता तिथल्या आहेत. १९८८मध्ये परिस्थिती सैल झाली, नुसती आद्याक्षरं लावून उघडपणे वाजवता येईल अशी शक्यता दिसली आणि त्याच वादात बँड फुटला. वीस वर्षांत पोलिसांना न जमलेलं काम परवानगीच्या शक्यतेने केलं.

नंतरच्या गोष्टी झटपट सांगतो, कारण त्या सगळीकडे सापडतात. १९८९च्या ‘मखमली क्रांती’चं नाव व्हेल्व्हेट अंडरग्राउंडवरून पडलं ही दंतकथा आहे, ती रक्तपात न होता झाली म्हणून मखमली. १९९०मध्ये फ्रँक झॅपा आणि लू रीड दोघेही प्रागला जाऊन हावेलला भेटले. १९९७मध्ये चार्टरच्या विसाव्या वर्षी, हावेलच्या आग्रहावरून, प्लास्टिक पीपल पुन्हा एकत्र आले आणि प्रागच्या राजवाड्यात वाजवलं. सप्टेंबर १९९८मध्ये व्हाइट हाउसमध्ये हावेलच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीत लू रीडच्या साथीला बेस गिटारवर ह्लावसा होता. ५ जानेवारी २००१ला तो कर्करोगाने गेला, पन्नाशी गाठायच्या आत. यिरोउस आणि हावेल दोघेही २०११च्या अखेरीस महिनाभराच्या अंतराने गेले.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी बोंडीच्या तबकडीपासून सुरुवात करू नये. शब्द कळल्याशिवाय ती निम्मीच पोहोचते आणि आवाजही फार कच्चा आहे. ‘पॅशन प्ले’ घ्यावं. गोष्ट आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे भाषा अडवत नाही. ते संध्याकाळी, सलग, मध्ये न थांबवता लावावं. चांगले स्पीकर असतील तर खर्ज थोडा कमी करावा, नाहीतर बेसखाली व्हायोला गाडला जातो. पहिली दहा मिनिटं त्रास होईल. सॅक्सोफोन कुठे शिरतो तिकडे लक्ष ठेवावं. तो शिरला की ह्लावसाची बेसची आकृती बदलत नाही, पण ऐकणाऱ्याला ती बदलल्यासारखी वाटते. ते कसं होतं याचा छडा मला पंचवीस वर्षांत लागलेला नाही. मूळ ध्वनिमुद्रण कोठारातलं आहे, त्यामुळे त्या खोलीचा घुमारा प्रत्येक थांब्यानंतर ऐकू येतो, आणि दोन भागांच्या मध्ये काही क्षण कुणी काहीच वाजवत नाही तेव्हा टेपच्या खरखरीखाली माणसांनी भरलेल्या जागेची शांतता कळते.